बास म्हणजे आणखी

तुम्ही पंगतीत बसला आहात अशी कल्पना करा. लग्नाची असू दे, बारशाची असू दे. पुढ्यात पत्रावळ आहे, तोंडात पुरणपोळीचा भला मोठा घास आहे, आणि वाढपी नेमका याच वेळी कटाच्या आमटीचं भांडं घेऊन तुमच्यासमोर उभा राहिला आहे. तुम्हाला आमटी नको आहे. पण तोंड उघडायची सोय नाही. मग काय कराल? बरोबर. पानावर हात आडवा धराल, मान हलवाल, डोळे मोठे कराल. वाढपी हसेल आणि पुढे जाईल, नाहीतर हट्टाने एक पळी ओतूनच जाईल.

आता एवढंच करा, तो घास गिळू नका. उद्या तसेच शाळेत जा. बाईंनी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर येतंय, पण तोंडात घास आहे. पोटात दुखतंय, तोंडात घास आहे. मित्राने उगीच ढकललं, सांगायचं आहे, घास आहे. तुम्ही मोठे झालात, मिशा फुटल्या, तरी घास तिथेच. लोक तुमच्या हातांकडे, मानेकडे, डोळ्यांकडे बघून जेवढं ओळखतील तेवढंच तुमचं बोलणं. ज्यांना ओळखता येतं ती तुमची माणसं. बाकीचे वाढपी पुढे निघून जातात.

जमलं? मग हर्षद झांबरेशी तुमची निम्मी ओळख झालीच.

ही गोष्ट अजून घडायची आहे. ती घडेल तेव्हा तुम्ही तुमच्या आईवडिलांच्या वयाचे झालेले असाल. पण सांगताना आपण ती घडून गेल्यासारखी सांगू, म्हणजे सोपं जाईल.

हर्षद तासगावचा. अंगाने थोराड, मिशा आलेला, बाविशीतला तरुण. त्याचा मेंदू आजारी नव्हता. जन्मापासून तो वेगळ्या वाटेने वाढला होता, इतकंच. तुम्ही जे दोन दिवसांत शिकता ते शिकायला त्याला दोन वर्षं लागत. मात्र एकदा शिकलेलं तो कधी विसरत नसे. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

त्याला तीनच शब्द बोलता येत. ‘जू’ म्हणजे त्याची धाकटी बहीण जुई, सहावीत शिकणारी. ‘हा’ म्हणजे पाणी, आई, ऊन, गाडी आणि इतर सगळं जग. आणि तिसरा शब्द ‘बास’.

या ‘बास’ची एक गंमत होती. हर्षदचे वडील दत्ताभाऊ टेम्पो चालवायचे, पण पंचक्रोशीत त्यांचं नाव होतं ते वाढपी म्हणून. कुणाच्याही घरी कार्य असो, दत्ताभाऊंनी धोतराला कंबरपट्टा बांधल्यासारखा कमरेला टॉवेल गुंडाळला की पंगतीतून कुणी अर्धपोटी उठायचं नाही. घरीसुद्धा तीच सवय. पोरांच्या ताटापुढे उभं राहायचं, “बास?” विचारायचं, आणि उत्तराची वाट न बघता वाढायचं. “बास?” आणि भातावर तूप. “बास?” आणि वाटीत आमटी. लहानग्या हर्षदने हे वर्षानुवर्षं नीट बघितलं आणि एक शोध लावला: ज्या शब्दावर ताटात तूप पडतं तो शब्द ‘बास’.

म्हणून हर्षदच्या भाषेत ‘बास’ म्हणजे ‘आणखी’.

“बास म्हनतोय आनि ताट फुडं करतोय! लेका, तू कुठल्या गावचा?” दत्ताभाऊ खो खो हसत.

“तुमच्याच गावचा,” आई म्हणायची. “तुमीच शिकवलंय त्याला. आता वाढा.”

हर्षद रोज ‘ओसरी’त जायचा. ओसरी हे त्याच्यासारख्या मोठ्या मुलामुलींचं सरकारी मदतीवर चालणारं दिवसाचं केंद्र होतं. तासगावात द्राक्षं वाळवून बेदाणे करतात, त्यामुळे ओसरीतही बेदाणे निवडायचं काम चाले. लांबलचक टेबलावर हिरव्या-पिवळ्या बेदाण्यांचा ढीग पसरायचा, त्यातल्या काड्या आणि काळे दाणे बाजूला काढायचे. हर्षद फार सावकाश निवडायचा. निवडतानाच बरेच खायचा. तिथल्या शिक्षिका मुल्लाबाई म्हणायच्या, “हर्षद आमचा चव बघणारा साहेब आहे.” त्या ढिगावर नवी पाटी ओतली गेली की हर्षद दोन्ही हात वर करून ओरडायचा, “बास! बास!” आणि सगळी ओसरी हसायची.

मग ‘बोलका’ आला.

बोलका म्हणजे नखाएवढी एक पातळ चकती. ती जबड्याखाली, गळ्यावर चिकटवायची. ती काय करते ते नीट समजून घ्या. आता मनातल्या मनात तुमचं नाव म्हणा. ओठ हलवू नका. तुम्हाला वाटेल, काहीच हललं नाही. पण तुमच्या मेंदूने जिभेला आणि गळ्याच्या स्नायूंना विजेचे अगदी बारीक इशारे पाठवलेच. ते इतके बारीक असतात की स्नायू हलत नाहीत, पण चकतीला ते कळतात. शिवाय श्वास किती जोरात चाललाय, नाडी किती पळतेय, कातडीला घाम किती आलाय, हेही चकती बघते. या सगळ्याचा मिळून एक ठसा तयार होतो. हर्षदला तहान लागली की एक ठसा, भीती वाटली की दुसरा.

पण नुसता ठसा मिळून काय उपयोग? या ठशाचा अर्थ तहान, हे यंत्राला कोण सांगणार? कुणीतरी माणूसच. म्हणून प्रत्येकाच्या बोलक्याला कित्येक महिने शिकवणी द्यावी लागे. हर्षदने आवाज केला की यंत्र अंदाज बांधायचं, आणि शेजारी बसलेल्या मुल्लाबाई पुढे काय घडलं ते पाहून ‘बरोबर’ किंवा ‘चूक’ सांगायच्या. आवाज आणि त्याच्या मागोमाग घडलेली गोष्ट यांची जोडी लावत लावत यंत्र त्या एका माणसाचा शब्दकोश तयार करायचं. हर्षदचा कोश हर्षदचाच, शेजारच्याला निरुपयोगी.

‘बास’वर तर मुल्लाबाईंची आणि यंत्राची भांडणं लागली. यंत्र म्हणायचं, पुरे. बाई म्हणायच्या, चूक. यंत्र पुन्हा म्हणायचं, पुरे. बाई पुन्हा, चूक.

“अरे बाबा, तू मराठी शिकून आलायस, हर्षद शिकून आला नाहीस,” त्या यंत्राला खडसावायच्या. जुई शाळा सुटल्यावर दादाला न्यायला येई, तेव्हा तिला हे ऐकून हसू आवरत नसे.

द्राक्षांचा हंगाम आला आणि गेला, तेव्हा कुठे यंत्राने हार मानली. त्या दिवशी घरी शेवयांची खीर होती. हर्षद ओरडला, “बास!” आणि त्याच्या गळ्यातून एका शांत, तरुण आवाजात मराठी वाक्य आलं: “आणखी. खीर आणखी हवी.”

दत्ताभाऊंच्या हातातली पळी तशीच राहिली. त्यांनी सगळं पातेलंच हर्षदपुढे ठेवलं.

खीर मागितलेली तर सगळ्यांना आधीही कळायची. खरं नवल पुढे घडलं. हर्षदला रोज जेवताना हूं हूं करत डोलायची सवय होती. उकडतंय म्हणून करत असेल असं वाटून आई लहानपणापासून त्याच्या डोक्यावरचा पंखा मोठा करायची, आणि मग तो जास्तच डोलायचा. त्या दिवशीही तो डोलायला लागला आणि बोलका म्हणाला, “पंखा नको. तो कानात ओरडतो.”

आई उठली. तिने पंखा बंद केला. हर्षदचं डोलणं थांबलं. आई भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

“एवढी वर्षं,” ती म्हणाली. “मी त्याला वारा घालत हुते.”

“आई, रडू नकोस ना,” जुई म्हणाली. “दादा, तिला सांग की. मी तर म्हणते—”

“जुई, गप्प,” बोलका म्हणाला. हर्षद खिरीची वाटी चाटत होता.

घरभर हसू फुटलं. असं हसू त्या घरात पुढे वर्षभर होतं.

मग मार्च महिना आला. दर मार्चमध्ये सरकार पुढच्या वर्षाचा अर्थसंकल्प मांडतं, म्हणजे कुठल्या कामाला किती द्यायचं आणि कुणाचं कापायचं ते ठरवतं. घरच्या टीव्हीवर अर्थमंत्री वाचत होते, बाकं वाजत होती. रस्ते आले, पाणी आलं, नवा विमानतळ आला. मध्येच एक वाक्य आलं आणि गेलं: ‘बोलका यंत्राच्या यशामुळे विकासात्मक दिव्यांगांच्या सेवांचं सुसूत्रीकरण करण्यात येत आहे.’ त्यावर कुणी बाक वाजवलं नाही, कुणी ओरडलंही नाही.

“पप्पा, सुसूत्रीकरण म्हणजे?” जुईने विचारलं.

“सूत म्हंजे दोरा. समदं एका दोऱ्यात ववायचं,” दत्ताभाऊ म्हणाले. “चांगलंच आसंल.”

मुल्लाबाईंना मात्र कळलं होतं. दुसऱ्या दिवशी ओसरीत जुईला त्यांनी ते समजावून सांगितलं. शिकवण्याची सवय होती त्यांना.

“तुझ्या वर्गात सगळ्यांच्या पायांची मापं घेतली, त्यांची सरासरी काढली, आणि त्या एकाच मापाच्या चपला सगळ्यांना वाटल्या, तर काय होईल?”

“कुणालाच बसणार नाहीत,” जुई म्हणाली. “म्हणजे एकदोघांना बसतील.”

“त्या एकदोघांचा फोटो पेपरात छापून येईल,” मुल्लाबाई म्हणाल्या. “आता प्रत्येकाचा वेगळा कोश ठेवायचा नाही असं ठरलंय. वेगळा कोश म्हणजे वेगळी शिकवणी, आणि शिकवणी म्हणजे माझ्यासारखी माणसं. आता सगळ्यांना एकच, सामायिक कोश. बँकेत, स्टँडवर, तुमच्या शाळेतल्या खिचडीच्या यंत्रात जो आहे तोच. कोट्यवधी लोकांच्या बोलण्यावरून बनवलेला.”

“पण कोट्यवधी लोकांचं ‘बास’...”

“हं,” मुल्लाबाई म्हणाल्या. त्यांनी बेदाण्यांची पाटी उचलली आणि ढिगावर ओतली. हर्षदने दोन्ही हात वर केले.

एका सोमवारी कोश बदलला. कुणी सांगायला आलं नाही. आवाज तोच, शांत आणि तरुण. रात्रीच्या जेवणात हर्षद ताट पुढे करून “बास!” म्हणाला, आणि बोलका म्हणाला, “धन्यवाद. माझं झालं.”

आणि इथे घरच्यांच्याच हातून चूक झाली. वर्षभर त्यांना त्या आवाजावर विश्वास ठेवायची सवय लागली होती. आईचा हात आपोआप पुढे आला आणि तिने ताट उचललं.

हर्षद आधी चकित झाला. मग त्याने ताटाची कड धरली. “बास! बास!”

“मला आता नको. कृपया ताट न्या,” आवाज म्हणाला.

हर्षदने कपाळ टेबलावर आपटलं. पुन्हा आपटलं. जुई मधे पडली, तिने आपले हात त्याच्या कपाळाखाली घातले आणि ओरडली, “आई! बास म्हणजे आणखी!”

आईने ताट टाकल्यासारखं खाली ठेवलं. दत्ताभाऊंनी हर्षदच्या गळ्यावरची चकती काढून तिच्या डबीत टाकली. “नको आपल्याला. आपल्याला कळतंय त्याचं,” ते म्हणाले.

जुईने एक उपाय करून पाहिला, जो तुम्हालाही सुचला असेल. दादाला नवा शब्द शिकवायचा. ती बेदाणा हातात धरून म्हणायची, “म्हण, आणखी. आ-ण-खी.” हर्षद तिच्या तोंडाकडे बघून खूश व्हायचा. बोट तिच्या ओठांवर ठेवायचा. मग हसून म्हणायचा, “बास.” वीस वर्षं भातातल्या तुपासारखा मुरलेला शब्द होता तो. एका उन्हाळ्यात निघण्यासारखा नव्हता.

उन्हाळा सरताना ओसरीत तपासणी आली. प्रत्येक केंद्र चालू ठेवायचं की नाही, ते तिथे येणाऱ्यांनाच विचारून ठरवायचं होतं. हे ऐकायला चांगलं वाटतं ना? ते चांगलंच होतं. फार वर्षांपूर्वी अपंग माणसांनी स्वतः भांडून तो कायदा करून घेतला होता: आमच्याबद्दल आम्हाला विचारा, आमच्या आईबापांना नव्हे, आमच्या वतीने दुसरं कुणी बोलायचं नाही. चांगल्या चाकूनेही बोट कापतं, तसं झालं. ज्यांना बोलता येत नाही त्यांनी बोलक्यातून उत्तर द्यायचं असं ठरलं होतं. डबीतली चकती पुन्हा हर्षदच्या गळ्यावर आली.

तपासायला आलेल्या इनामदार मॅडम तरुण होत्या. वागायला साध्या. हर्षदशी बोलताना त्या खुर्चीवरून उतरून त्याच्या उंचीला बसल्या, हे जुईला आवडलं.

“हर्षद, हे बघ,” त्यांनी पडद्यावर चित्र दाखवलं. बेदाण्यांचं टेबल. ओसरीचं दार. मुल्लाबाई. “तुला इथे यायचंय? उद्यापण, परवापण?”

हर्षदने चित्र ओळखलं. त्याचा चेहरा उजळला. तो उभा राहिला, दोन्ही हात वर केले आणि अख्ख्या ओसरीला ऐकू जाईल असा ओरडला, “बास! बास! बास!”

“पुरे,” गळ्यातला आवाज म्हणाला. “पुरे झालं. मला हे आता नको.”

“चूक आहे!” जुई ओरडली. “मॅडम, तो आणखी म्हणतोय! आमच्या घरी बास म्हणजे आणखी!”

“बाळ,” इनामदार मॅडम हळूच म्हणाल्या, “तुला त्याच्या वतीने बोलता येत नाही. कायदाच आहे तसा.”

“मग मी नाही बोलत. तुम्हीच बघा.” जुईने मूठभर बेदाणे मॅडमच्या हातात दिले. “एक द्या त्याला.”

मॅडमनी एक दिला. हर्षदने खाल्ला, म्हणाला, “बास,” आणि तळहात पुढे केला. पुरे, नको, असं आवाज म्हणाला. मॅडमनी दुसरा दिला. “बास.” तळहात पुढे. तिसरा. “बास.” हर्षदच्या डोळ्यांत इतका आनंद होता की मॅडमना हसू आलं, आणि मग ते हसू एकाएकी गेलं.

त्या मुल्लाबाईंकडे वळल्या. “हे असंच आहे?”

“असंच आहे, मॅडम. मी सहा महिने भांडून शिकवलं होतं त्या यंत्राला.”

“मला दिसतंय हो,” इनामदार मॅडम म्हणाल्या. त्यांनी हातातला पडदा जुईकडे वळवला. “पण हे बघ. मला जे दिसलं ते घालायला यात जागाच नाही. यात फक्त त्याचा आवाज जातो. आणि तो गेलाय.”

“परत काढा मग.”

“काढता येत नाही. वर तक्रार करता येते. मी स्वतः करीन. पण तक्रारीची तपासणीसुद्धा...”

“त्याच कोशावरून होते,” मुल्लाबाईंनी वाक्य पुरं केलं.

इनामदार मॅडमनी मूठ उघडली. उरलेले सगळे बेदाणे त्यांनी हर्षदच्या हातात ओतले आणि त्या लगबगीने निघून गेल्या. तक्रार त्यांनी खरोखरच केली. तिचं उत्तर आलं: लाभार्थीचं मत तीनदा, स्पष्टपणे नोंदलेलं आहे.

बाकीच्या मुलामुलींची उत्तरंही त्याच कोशातून गेली. ओसरी बंद झाली. तिथे येणाऱ्यांच्याच इच्छेने, असं सगळ्यांना कळवण्यात आलं.

शाळा उघडल्या. हर्षद रोज सकाळी पिशवी गळ्यात अडकवून दारात उभा राहायचा. ओसरीची गाडी यायची नाही. ऊन दारातून आत येईपर्यंत तो उभा असायचा. मग आई त्याला हाताला धरून आत न्यायची आणि कोल्ड स्टोरेजच्या कामाला पळायची. दत्ताभाऊंचा टेम्पो तोवर मिरजेच्या रस्त्याला लागलेला असायचा.

ओसरीच्या जागी सरकारने घरोघरी एक यंत्र दिलं, त्याचं नाव घरसाथ. ते जेवणाच्या टेबलावर बसवलेलं असे. दुपारी डबा आला की ते गरम करून ताटात थोडं थोडं वाढायचं, कुणी पडलं तर आईला फोन लावायचं, पंखा, दिवा चालू-बंद करायचं. मात्र ते ऐकायचं बोलक्याचंच. चकती गळ्यावर नसली तर घरसाथ सुरूच होत नसे. आणि आईवडील दोघांनीही काम सोडून घरी बसायचं, तर चूल कशी पेटणार? चकती गळ्यावर राहिली.

पहिल्याच दिवशी जुई शाळेतून आली तेव्हा पंखा गरगर फिरत होता. त्याच्याखाली हर्षद डोलत होता, हूं हूं, हूं हूं. “मला उकडतंय. पंखा मोठा करा,” चकती म्हणत होती, आणि घरसाथ पंखा मोठा करत होतं. डब्यात भात, वरण, भाजी तशीच होती. एकच घास कमी.

जुईने धावत जाऊन पंखा बंद केला, चकती उपटली आणि दादाला भरवलं. तो अधाशासारखा जेवला.

असं रोज घडायला लागलं. जुई वर्गात बसलेली असे आणि तिच्या डोळ्यांपुढे तो डबा असे. आता हर्षद ‘बास’ म्हणत असेल. आता झाकण लागत असेल.

आणि मग, श्रावणात कधीतरी, डबा रिकामा मिळू लागला. आईला बरं वाटलं. “शिकला बघ पोरगा,” ती म्हणाली.

तो खरंच शिकला होता. मघाशी लक्षात ठेवायला सांगितलं होतं ना? हर्षद सावकाश शिकायचा, पण नीट शिकायचा. त्याने बघितलं होतं की ‘बास’ म्हटलं की ताट जातं, आणि गप्प बसलं की ताटात जेवढं पडायचं तेवढं पडतं. डोललं की पंखा ओरडतो. म्हणून तो हलायचा नाही. यंत्र वाढायचं, तो खायचा. यंत्र थांबलं की तोही थांबायचा.

रविवारी सगळे घरी होते. पुरणपोळ्या केल्या होत्या. दत्ताभाऊंनी कमरेला टॉवेल गुंडाळला, हर्षदपुढे उभे राहिले, वाटीत तूप घेतलं आणि नेहमीच्या खणखणीत आवाजात विचारलं, “बास?”

हर्षद दचकला. त्याने वडिलांकडे बघितलं. मग चटकन दोन्ही हात ताटावर आडवे धरले आणि ओठ घट्ट मिटून घेतले.

“आरं, मी हाय,” दत्ताभाऊ म्हणाले. “मी हाय लेका. म्हन की. बास?”

त्या शब्दाबरोबर हर्षद ताटावर अजूनच वाकला. कुणी ते हिसकावून नेईल असा. चकती डबीत होती, घरसाथ बंद होतं. घरात त्याची सगळी माणसं होती. तरी त्याने तोंड उघडलं नाही.

दत्ताभाऊंनी कमरेचा टॉवेल सोडला. त्यानंतर कुणाच्याही पंगतीत ते वाढायला गेले नाहीत.

मुल्लाबाई आता बाजार समितीत बेदाण्याच्या सौद्यांच्या पावत्या फाडायच्या. जुई शाळेतून परस्पर तिकडे गेली.

“बाई, सामायिक कोश कसा शिकतो?”

मुल्लाबाईंनी चष्मा काढला. “सगळेच कोश जसे शिकतात तसाच. कुणी काय म्हटलं आणि मागोमाग काय केलं, याची जोडी लावतो.”

“आमच्या खिचडीच्या यंत्रातला तोच कोश ना? मग मी तिथे बास म्हटलं, आणि ताट पुढे केलं, तर ते यंत्र बघेल?”

“बघेल.”

“आणि शिकेल?”

मुल्लाबाईंनी आयुष्यात मुलांना खोटं शिकवलं नव्हतं. “जुई, विहिरीत एक बेदाणा टाकलास तर पाणी गोड होईल का?”

“सगळ्यांनी टाकला तर?”

“सगळे म्हणजे किती? तुझा वर्ग नव्हे, तासगावही नव्हे. सगळं राज्य आहे त्या विहिरीत. आणि समजा झालंच, तरी हर्षद आता तो शब्द म्हणतच नाही, बाळा.”

“नाही म्हणत,” जुई म्हणाली.

मुल्लाबाईंनी तिच्या हातावर बेदाणे ठेवले. जुईने ते खाल्ले नाहीत, दादासाठी खिशात ठेवले.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मुलं व्हरांड्यात रांगेने बसली. खिचडीचं यंत्र रुळावरून सरकत आलं. मुलं “हवं” म्हणत होती, पोट भरलेली “बास” म्हणत होती. जुईला भूक लागली होती. खिचडीला जिऱ्याचा वास येत होता. यंत्र तिच्यापुढे थांबलं तेव्हा तिने ताट पुढे केलं.

“बास,” ती म्हणाली.

पळी वर गेली. “धन्यवाद,” यंत्र म्हणालं आणि पुढे सरकलं.

“येडी आहेस का गं?” शेजारची शर्वरी म्हणाली. “हवं म्हण ना! तोंड आहे ना तुला?”

यंत्र रांगेच्या टोकाला जाऊन वळलं आणि दुसरी फेरी घेऊन आलं. तिने पुन्हा ताट पुढे केलं, पुन्हा बास म्हणाली, आणि पळी पुन्हा वर गेली. पलीकडच्या रांगेतली मुलं हसायला लागली. शर्वरीने आपल्यातली अर्धी खिचडी तिच्या ताटात घालायला हात पुढे केला, तर जुईने मान हलवली. यंत्राला ताट रिकामंच दिसायला हवं होतं.

यंत्र शेवटच्या फेरीला आलं. जुई गुडघ्यांवर उभी राहिली, रिकामं ताट तिने दोन्ही हातांनी उंच धरलं, आणि पंगतीत तिचे वडील विचारायचे तशा खणखणीत आवाजात ती म्हणाली, “बास!”